ध्वनीचा उपासक

मुलांनो, दौंड हे पुणे जिल्ह्यातील एक मोठे रेल्वे जंक्शन आहे. पुण्याहून आलेला लोहमार्ग येथून सोलापूरकडे जातो. एक फाटा मनमाडकडे वळतो, तर दुसरा बारामतीकडे. गाडीची वेळ जवळ आली, की फलाटावरील कर्ण्यातून सूचना ऐकू येऊ लागते. बोलणारी व्यक्ती मात्र तेथे कोठेच दिसत नाही. तिचा आवाज पूर्वी केव्हातरी टिपून ठेवलेला असतो आणि यंत्र तो पुनःपुन्हा ऐकविते. शिरूरच्या बाजारातही हाच चमत्कार पाहावयास मिळतो. भाजीवाला मुकाट्याने तराजू धरून उभा असतो आणि त्याच्याच आवाजात भाव सांगण्याचे काम त्याच्या शेजारी ठेवलेला लहानसा कर्णा करीत असतो. हे सारे आपल्या इतक्या अंगवळणी पडले आहे, की त्याचे आपल्याला नवल वाटेनासे झाले आहे.

परंतु त्याच फलाटावर जिला मुळीच ऐकू येत नाही अशी एखादी मुलगी उभी असेल तर? तिच्या दृष्टीने तो कर्णा मुकाच होय. आवाज टिपून ठेवण्याची विद्या ज्या थोर शास्त्रज्ञांनी वाढविली, त्यांपैकी एकाने अशाच कर्णबधिर मुलांचा विचार करीत ह्या विषयात पाऊल टाकले होते. त्यांचे नाव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. जग त्यांना टेलिफोनचे जनक म्हणून ओळखते. ते स्वतः मात्र आपण कर्णबधिरांचे शिक्षक आहोत असे सांगण्यात धन्यता मानीत.

अलेक्झांडरचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो ह्या नगरीत झाला. त्याच्या घराण्यात वाणीची उपासना पिढीजात चालत आली होती. आजोबा उच्चारशास्त्राचे शिक्षक. वडील मेलव्हिल बेल हेही त्याच विषयातील नामांकित पंडित. लोकांना शुद्ध व स्पष्ट बोलावयास शिकविणे हा त्यांचा व्यवसाय होता. आणि दैवयोग असा, की अशा ह्या घरातील गृहिणीला, म्हणजे अलेक्झांडरच्या आईला, फारच कमी ऐकू येत असे. ती कानाला नळी लावून इतरांचे बोलणे ऐकण्याची धडपड करी. असे असूनही ती पियानो उत्तम वाजवीत असे.

इतर माणसे त्या नळीत तोंड घालून मोठ्याने ओरडत. अलेक्झांडरने निराळी युक्ती योजिली. तो आईच्या कपाळाजवळ ओठ नेऊन खर्जाच्या सुरात सावकाश बोले, आणि त्याचे शब्द तिला उमगत. घरात मंडळी गप्पागोष्टी करू लागली, की तो आईशेजारी बसे आणि बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर दाखवून कोण काय बोलले ते तिला कळवी. ध्वनी केवळ कानांनीच कळतो असे नाही. तो स्पर्शाने जाणवतो आणि हातांनीही सांगता येतो, हे त्या मुलाला पुस्तकात वाचण्याआधी आपल्या घरातच कळून चुकले होते.

त्याच्या वडिलांनी एक अद्भुत लिपी तयार केली होती. आपल्या वर्णमालेत कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य असे वर्ग आहेत, हे तुम्ही शिकला आहात. वर्ण उच्चारताना जीभ कोठे टेकते, ओठ कसे मिटतात, ह्यावरून ते पाडलेले आहेत. मेलव्हिल बेल ह्यांच्या लिपीतील प्रत्येक चिन्ह जीभ, ओठ आणि कंठ ह्यांची अशीच स्थिती दाखवीत असे. ह्या लिपीला त्यांनी दृश्य वाणी असे नाव दिले आणि १८६७ मध्ये तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. सभेत ते मुलाला बाहेर पाठवीत; मग श्रोत्यांपैकी कोणीतरी विचित्र आवाज काढी आणि ते तो आपल्या लिपीत फळ्यावर लिहीत. मुलगा आत येऊन ती चिन्हे पाही आणि हुबेहूब तोच आवाज काढून दाखवी. श्रोते थक्क होत!

एकदा वडिलांनी मुलांना बोलके यंत्र बनविण्यास उत्तेजन दिले. अलेक्झांडर आणि त्याचा थोरला भाऊ दोघेही कामाला लागले. एकाने कंठ व फुप्फुसे, दुसऱ्याने तोंड व जीभ, अशी वाटणी झाली. पुष्कळ खटपटीनंतर ते यंत्र तान्ह्या बाळाने आईला हाक मारावी तसा आवाज काढू लागले.

पण ह्या सुखी घरावर लवकरच दुःखाची छाया पडली. १८६७ मध्ये धाकटा भाऊ क्षयाने गेला आणि १८७० मध्ये थोरल्या भावालाही त्याच रोगाने ओढून नेले. आता अलेक्झांडर हा एकटाच मुलगा उरला, आणि त्याचीही प्रकृती ढासळू लागली होती. उरलेला मुलगा तरी वाचावा म्हणून आईवडिलांनी मायदेश सोडला आणि त्याच वर्षी ते कॅनडात जाऊन राहिले. तेथील मोकळ्या हवेत अलेक्झांडरची प्रकृती सुधारली.

पुढील वर्षी, म्हणजे १८७१ मध्ये, चोवीस वर्षांचे बेल अमेरिकेतील बॉस्टन शहरी कर्णबधिरांच्या शाळेत शिकवू लागले. जन्मतःच ज्यांना ऐकू येत नाही अशी मुले बोलत नाहीत, ह्याचे कारण त्यांच्या कंठात दोष असतो असे नव्हे. त्यांनी भाषा कधी ऐकलेलीच नसते. मग ती बोलणार कशी? आपली वाणी कशी निघते हे त्यांना डोळ्यांनी दाखविले, तर ती बोलू शकतील, असे बेल ह्यांना वाटे. जॉर्ज सँडर्स हा त्यांचा पाच वर्षांचा शिष्य जन्मतः बहिरा होता. त्याच्यासाठी त्यांनी एका हातमोज्यावर अक्षरे लिहिली. ती अक्षरे क्रमाने दाखविली, की शब्द तयार होई. अशा रीतीने गुरुशिष्यांचा संवाद चाले. मेबल हबर्ड ही त्यांची दुसरी शिष्या. पाचव्या वर्षी आलेल्या लोहितज्वराने तिचे ऐकणे पार नाहीसे झाले होते. परंतु समोरच्या माणसाच्या ओठांवरून बोलणे ओळखण्यात ती अतिशय तरबेज होती. पुढे १८७७ मध्ये हीच मेबल बेल ह्यांची पत्नी झाली.

अशा मुलांसाठी बेल एका यंत्राच्या शोधात होते. १८५७ मध्ये फ्रान्समधील लिओं स्कॉट ह्या गृहस्थाने ध्वनीची रेषा काढणारे एक यंत्र तयार केले होते. त्याच्या नळकांड्यात कोणी बोलले, की टोकाचा पातळ पडदा थरथरे. पडद्याला जोडलेला केस काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेषा ओढी. त्या रेषेतून आवाज परत काढण्याची सोय मात्र नव्हती. बेल ह्यांना त्या वेळी तशी सोय नकोच होती. त्यांना ती रेषाच हवी होती. शिक्षकाच्या आवाजाची रेषा विद्यार्थ्याने पाहावी आणि आपल्या आवाजाची रेषा तशीच उमटेपर्यंत सराव करावा, अशी त्यांची कल्पना होती.

ह्या यंत्रात अधिक नेमकेपणा यावा म्हणून १८७४ मध्ये त्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. क्लॅरेन्स ब्लेक नावाच्या कानांच्या डॉक्टरांनी त्यांना एका मृत मनुष्याचा कान मिळवून दिला. त्याच्या आतील हाडाला त्यांनी गवताची काडी जोडली आणि कानात तोंड घालून ते बोलू लागले. पडदा हलला, पडद्यामुळे हाड हलले, आणि काडीने काजळी लावलेल्या काचेवर आवाजाची रेषा रेखाटली. त्या रेषा सुंदर दिसत. पण त्या वाचून बोलणे शिकणे मुलांना साधण्यासारखे नव्हते. ज्या हेतूने प्रयोग केला तो हेतू असा निष्फळ झाला.

तथापि प्रयोग वाया गेला नाही. बेल ह्यांच्या मनात एक विचार चमकून गेला. इतका नाजूक पडदा जर त्याच्या मानाने जड असलेली हाडे हलवू शकतो, तर आवाजाने थरथरणारा पडदा चुंबकाजवळ ठेवून विजेच्या प्रवाहात तशाच लहरी का उठविता येऊ नयेत? आणि त्या लहरी तारेतून दूर नेऊन दुसरा पडदा का हलविता येऊ नये? ह्या विचारातूनच टेलिफोन जन्मास आला. जॉर्जच्या व मेबलच्या वडिलांनी पैसा पुरविला. टॉमस वॉटसन ह्या कुशल कारागिराने यंत्रे घडविली. ७ मार्च १८७६ रोजी बेल ह्यांना टेलिफोनचे एकस्व मिळाले. तीनच दिवसांनी, बेल आपल्याला बोलावीत आहेत हे दुसऱ्या खोलीतील वॉटसन ह्यांनी तारेतून स्पष्ट ऐकले आणि ते धावत आले. ह्या शोधावर इतरांनीही हक्क सांगितला, पुष्कळ खटले झाले. परंतु न्यायालयांनी बेल ह्यांचेच एकस्व ग्राह्य धरले.

ह्यानंतर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८७७ मध्ये, टॉमस अल्व्हा एडिसन ह्यांनी फोनोग्राफ तयार केला. पडद्याला जोडलेली सुई फिरत्या पंचपात्रावरील कथलाच्या पत्र्यावर आवाजाचे खाचखळगे उमटवी; सुई पुन्हा त्याच खाचांवरून फिरविली, की पडदा थरथरे आणि तोच आवाज बाहेर येई. टिपलेला आवाज मनुष्याने प्रथमच परत ऐकला! ह्या शोधाची गंमत अशी, की स्वतः एडिसन ह्यांनाही लहानपणापासून फार कमी ऐकू येत असे. यंत्राचे लाकूड दातांत धरून ते त्याची कंपने हाडांवाटे ऐकत. ही कल्पना इतकी जवळ असून आपल्याला कशी सुचली नाही, ह्याचे बेल ह्यांना मोठे नवल वाटले.

कथलाचा पत्रा मात्र थोड्याच वेळात निकामी होई. १८८० मध्ये फ्रेंच सरकारने बेल ह्यांना व्होल्टा पारितोषिकाचे ५०,००० फ्रँक दिले. ते पैसे बेल ह्यांनी वॉशिंग्टन येथील आपल्या प्रयोगशाळेच्या कामी लावले. तेथे त्यांचे चुलतभाऊ चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेंटर ह्यांच्या साहाय्याने त्यांनी पत्र्याऐवजी मेणावर आवाज कोरण्याची रीत सिद्ध केली. १८८६ मध्ये तिचे एकस्व मिळाले. मेणावरील आवाज अधिक स्पष्ट असे व पुष्कळ टिके. ध्वनिमुद्रण घरोघर पोहोचण्याच्या वाटेवरील हा एक मोठा टप्पा होता. पुढे तबकड्या आल्या आणि बालगंधर्वांची नाट्यपदे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ऐकू येऊ लागली. ह्या शोधातून बेल ह्यांना जो पैसा मिळाला, तो त्यांनी १८८७ मध्ये कर्णबधिरांविषयीचे ज्ञान वाढविणाऱ्या एका संस्थेच्या स्थापनेसाठी वेचला.

त्या काळी ही नवी यंत्रे पाहून अनेक आईबापांच्या मनात आशा जागी झाली. जे यंत्र आवाज पकडून ठेवते, ते बहिरेपणाही घालवील, असे त्यांना वाटे. फोनोग्राफच्या ध्वनीने कानाला व्यायाम दिला असता तो पुन्हा ऐकू लागेल, अशा समजुतीने काहींनी उपचारही करून पाहिले. पण त्यांना यश आले नाही. ह्याचे कारण कानाच्या रचनेत आहे. ध्वनी प्रथम पडद्यावर आदळतो, मग तीन चिमुकल्या हाडांतून शंखाच्या आकाराच्या आतल्या कानात जातो, आणि तेथील सूक्ष्म पेशी त्याचा संदेश मज्जातंतूंच्या द्वारे मेंदूला पोहोचवितात. ह्या पेशीच नष्ट झाल्या, तर कानावर कितीही आवाज ओतला तरी त्या पुन्हा उगवत नाहीत.

बेल ह्यांनी बहिरेपणा बरा करण्याचे आश्वासन दिले नाही. त्यांनी अधिक उपयोगाचे काम केले. १८७९ मध्ये ऐकण्याची शक्ती मोजणारे एक यंत्र त्यांनी तयार केले. पूर्ण बहिरी समजली जाणारी काही मुले थोडेफार ऐकू शकतात, असे अशा तपासणीत आढळून आले. टेलिफोनमध्ये आवाजाचे विजेत रूपांतर करण्याची जी किमया होती, तिच्यातूनच पुढे विजेवर चालणारी श्रवणयंत्रे निर्माण झाली. आता तर शस्त्रक्रिया करून आतल्या कानात उपकरण बसविता येते. त्यानेही निसर्गाने दिलेला कान परत मिळत नाही; परंतु अनेकांना त्यामुळे बोलणे ऐकू येते.

१८८६ मध्ये एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन बेल ह्यांच्याकडे आले. ती मुलगी अंध होती आणि तिला ऐकूही येत नव्हते. तिचे नाव हेलन केलर. बेल ह्यांनी तिला मांडीवर घेतले आणि आपल्या खिशातील घड्याळ तिच्या हाती देऊन त्याचे ठोके तिला जाणवू दिले. मग त्यांनी तिच्या वडिलांना बॉस्टनच्या अंधशाळेकडे पत्र लिहिण्याचा सल्ला दिला. त्याचे फळ म्हणून १८८७ मध्ये ॲन सलिव्हन ही शिक्षिका हेलनला लाभली. तिने तळहातावर बोटांनी अक्षरे काढून हेलनला भाषा शिकविली. हेलनने १९०३ मध्ये आपले आत्मचरित्र बेल ह्यांना अर्पण केले.

थोर माणसांच्या हातूनही चुका घडतात. बहिऱ्या मुलांनी बोललेच पाहिजे. हातांच्या खुणांच्या भाषेने ती इतर समाजापासून दूर पडतील, असे बेल ह्यांचे मत होते. १८८० मध्ये इटलीतील मिलान शहरी भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनेही असाच ठराव केला. त्यानंतर अनेक देशांतील शाळांत खुणांच्या भाषेला बंदी झाली. स्वतः कर्णबधिर असलेल्या पुष्कळ शिक्षकांना काम गमवावे लागले आणि जी भाषा मुलांना सहज येत होती, तीच वर्गात वापरण्याची चोरी झाली. ज्या मुलाने लहानपणी आपल्या आईशी बोटांनी संवाद साधला होता, त्यानेच मोठेपणी हा आग्रह धरावा, ही खेदाची गोष्ट होय. खुणांची भाषा ही व्याकरण असलेली परिपूर्ण भाषा आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. २०१० मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे भरलेल्या परिषदेने मिलानच्या ठरावांबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल ह्यांनी कॅनडातील आपल्या घरी देह ठेवला. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. ज्याने दूरच्या माणसांना बोलते केले, त्याला मौनाने वाहिलेली ती श्रद्धांजली होती. आवाजाची तीव्रता आपण ज्या डेसिबल ह्या परिमाणात मोजतो, त्यात बेल ह्यांचेच नाव सामावलेले आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर नव्वद वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर एक नवल घडले. १८८५ मध्ये मेण लावलेल्या पुठ्ठ्याच्या तबकडीवर बेल ह्यांनी काही शब्द मुद्रित केले होते. सुई लावून ऐकण्याइतकी ती तबकडी धड राहिली नव्हती. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी प्रकाशाच्या साहाय्याने तिच्यावरील खाचांची सूक्ष्म चित्रे घेतली आणि संगणकाने ती वाचून २०१३ मध्ये बेल ह्यांचा आवाज जगाला ऐकविला. त्या तबकडीवर त्यांनी स्वतःचे नाव उच्चारून आपला आवाज ऐकण्यास सांगितले आहे. आधी खाचा डोळ्यांनी पाहावयाच्या आणि मग त्यांतून आवाज काढावयाचा! दृश्य वाणीचे त्यांचे स्वप्न जणू अशा रीतीने त्यांच्याच आवाजाच्या बाबतीत खरे ठरले.

आपल्या देशातही कर्णबधिरांच्या शिक्षणाचा आरंभ त्याच सुमारास झाला. १८८५ च्या सुमारास मुंबईत त्यांच्यासाठी शाळा निघाली. २०१५ मध्ये दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी केंद्र स्थापन झाले.

मुलांनो, आता पुन्हा दौंडच्या फलाटावर चला. कर्ण्यातून सूचना होत आहे आणि वरच्या फलकावर गाडीचे नाव व फलाटाचा क्रमांक प्रकाशाच्या अक्षरांत झळकत आहे. ती मुलगी फलक वाचते आणि आपली पिशवी उचलून योग्य डब्याकडे निघते. तिचा बहिरेपणा कोणत्याही यंत्राने बरा केलेला नाही. परंतु जे सर्वांनी ऐकले ते तिला दिसावे, एवढी काळजी कोणीतरी घेतली आहे. तुमच्या वर्गात अशी एखादी मैत्रीण असेल, तर बोलताना तिच्याकडे तोंड करून सावकाश बोला. तिच्या हातांच्या खुणाही शिकून घ्या. आईशेजारी बसून बोटांनी घरातील गप्पा तिला कळविणाऱ्या त्या लहान मुलाला हे न शिकविताच कळले होते.